व्याह्यांचं धुराडं

आमच्या मुलीचे सासरे कारखान्यात बॉयलर सांभाळतात आणि आम्ही त्याच कारखान्याच्या मागच्या गल्लीत इस्पितळाच्या चादरी धुतो. बायको धुते, मी इस्त्री करतो. त्यांची काजळी आणि आमच्या चादरी यांचं वैर सोयरीक होण्याच्या आधीपासूनचं. फरक एवढाच, की आधी आम्हाला शिव्या देता येत होत्या.

पूर्वी ही गच्चीवर उभी राहून, धुराड्याकडे तोंड करून मनसोक्त बोलायची. मुलीचं लग्न झालं आणि तोंडाला कुलूप लागलं. व्याह्यांना कोण बोलणार? चादरींवर काळे ठिपके पडले की ही फक्त म्हणायची, "आज वाऱ्याचं काही खरं नाही."

यंदा मात्र गळ्याशी आलं. इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी एक चादर उलगडून माझ्या नाकासमोर धरली.

"ऑपरेशन झालेल्या माणसाच्या अंगाखाली मी मिरपूड भुरभुरू का? येत्या सोमवारी साठच्या साठ पांढऱ्या हव्यात. नाहीतर काम दुसऱ्याला."

वीस वर्षांचं काम. ते गेलं तर धुवायला आमचे स्वतःचेच कपडे उरणार होते.

घरी येऊन मी म्हणालो, "व्याह्यांना सांगावं लागेल."

"सांगा की."

"मी? तू मुलीची आई."

"आणि तुम्ही कोण, शेजारी?"

शेवटी हिनंच युक्ती काढली. व्याह्यांना पांढऱ्या सदऱ्याची भारी हौस. ड्यूटी संपली की बगळ्यासारखे नटून हिंडायचे. हिनं मुलीकरवी त्यांचे दोन सदरे धुवायला मागवले आणि धुऊन धुराड्याच्या बाजूच्या पहिल्याच तारेवर टांगले. काजळी तशी दिवसभरच उडते, पण बॉयलरच्या नळ्यांमधली रोज सकाळी दहाला झटकतात. दहाला धुराडं खोकलं आणि सदऱ्यांना गोवर आला. मी तसेच इस्त्री करून, नीट घडी घालून पाठवले.

संध्याकाळी व्याही दारात. बगलेत सदरा. मुलाकडचे असले तरी माणूस भिडस्त.

"विहीणबाई, राग मानू नका. साबण बदललात का?"

"नाही हो. साबण तोच."

"मग पाणी?"

"पाणीही तेच. उद्या दुपारपाळी ना तुमची? मग दहाला गच्चीवर चहाला या की."

आले. उरलेला तिसरा सदरा घालून. चहाचा कप हातात, इकडतिकडच्या गप्पा, आणि धुराडं खोकलं. काजळीची एक मोठी चिंधी तरंगत आली आणि थेट त्यांच्या कपात बसली. व्याह्यांनी वर बघितलं, मग कपात, मग आमच्याकडे.

"हे आमचं?"

"आम्ही कुठं तसं म्हणतो?" ही म्हणाली.

"तीस वर्षं मी खाली असतो. वर काय जातं ते बघायला कधी वर आलोच नाही." त्यांनी बोटानं काजळी काढली आणि सवयीनं सदऱ्याला पुसली. "पण आमच्याकडे धूर गाळायच्या पिशव्या आहेत की! कापडी. चांगल्या चोवीस."

"मग लावत का नाही?"

"मळतात ना!"

इतक्या निर्मळ मनानं म्हणाले, की मला हसूसुद्धा फुटेना.

"एक लावून बघितली होती," ते सांगू लागले. "आठ दिवसांत काळीकुट्ट. मॅनेजर म्हणाले, भारीतली वस्तू आहे, खराब करू नका, तपासणीवाले येतील तेव्हा लावू. तेव्हापासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात आहेत. किल्ली माझ्याकडे असते." हे शेवटचं जरा अभिमानानंच.

हिनं कप खाली ठेवला. इतक्या दिवसांचं कुलूप एकदम निघालं.

"अहो व्याही, मळलेलं कापड धुणारं जगात कोणी आहे की नाही? कोणाच्या गच्चीवर उभे आहात तुम्ही?"

पिशव्या धुऊन मिळणार म्हटल्यावर मॅनेजरांना सबबच उरली नाही. शनिवारी पिशव्या चढल्या. रविवारी आम्ही साठ चादरी तारांवर टाकल्या आणि दहा वाजता दोघंही श्वास रोखून उभे राहिलो, जणू आमच्या श्वासानंच डाग पडणार होते. धुराडं खोकलं, पण कोरडं. सोमवारी मेट्रनबाईंनी चष्मा लावला, चादरी खिडकीशी धरल्या, एक तर हुंगूनही बघितली. "ठीक आहे," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ठीक आहे म्हणजे सत्कारच.

पुढच्या आठवड्यात व्याही पहिल्या सहा पिशव्या स्वतः घेऊन आले. दोन टबांतलं पाणी डांबरासारखं झालं. हिनं टब कलंडवायला घेतला तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "ही मोरी जाते कुठं?"

"उतारानं. तुमच्या गल्लीतून, तुमच्या दारावरून, मग नदीला."

व्याह्यांनी टबाची कडा धरली. "थांबा, विहीणबाई. ओतू नका."

"मग काय करू? पिऊ?"

"कारखान्यात नेतो. पिंपात ठेवू, गाळ खाली बसू दे. मग बघू काय करायचं ते. आमचं आहे, आम्हीच बघतो."

दोन्ही टब हातगाडीवर चढवले. पुढून व्याही ओढत होते, मागून मी ढकलत होतो. गल्लीतली माणसं कामं टाकून बघायला लागली. तीस वर्षं जे अख्ख्या वस्तीच्या डोक्यावर उधळलं, त्यातला थेंबही सांडू नये म्हणून हा माणूस एकेक खड्डा चुकवत चालला होता आणि दर चार पावलांवर मान वळवून मलाच दटावत होता, "हळू हो व्याही, हळू! लोकांच्या दारात सांडेल ना!"