अर्ध्या तासात येतो

आमच्या अप्पांना या वयात फोनवर मेसेज पाठवता येतात, याचा मला फार अभिमान होता. मेसेजच्या त्या ॲपमध्ये नव्या सोयी आल्या आणि तो संपला.

आता प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ आली होती, 'सध्या काय चाललंय?' ती भरली की फोनमध्ये जितके नंबर, तितक्या सगळ्यांना ती दिसणार. लोकांनी वाचायचं, बदाम पाठवायचे, शेरे मारायचे. माणसं तिथे सुविचार लिहितात, नाहीतर सहलीचे फोटो टाकतात. पण अप्पा पडले घड्याळं दुरुस्त करणारे. चाळीस वर्षं त्यांच्या दुकानाच्या काचेला एक पाटी लटकत आलीय, आणि बाहेर पाऊल टाकण्याआधी तिच्यावर खडूने वेळ लिहायची हा त्यांचा नेम. 'जेवायला. २.१०ला येतो.' दोन दहा म्हणजे दोन दहा. घड्याळवाल्याची पाटीच खोटी ठरली तर त्याच्या घड्याळांवर कोण विश्वास ठेवेल, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे नवी सोय त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

"पाटी आहे ही," ते म्हणाले, आणि सुरूच झाले. 'दूध आणायला. १२ मिनिटं.' 'दाढी.' 'आंघोळ. पाणी गार आहे.'

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. अप्पांचे निम्मे दात आमच्या डॉक्टरांनी बसवलेले, त्यामुळे त्यांचाही नंबर अप्पांकडे. एका पेशंटच्या तोंडात आरसा धरून डॉक्टरांनी मला विचारलं, "आज अप्पांना गरम पाणी मिळालं का?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

घरी येऊन मी तोफ डागली. "अप्पा, जगाला काय करायचंय तुमच्या आंघोळीशी?"

"पाटी कोरी ठेवून माणसाने जाऊ नये," ते शांतपणे म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

मी त्यांचा फोन ओढून घेतला, ती ओळ बंदच करून टाकायला गेले आणि थबकले. कोणी कोणी वाचलं त्याची यादीही आता दिसत होती. प्रत्येक पाटीखाली, अगदी 'दाढी'खालीसुद्धा, पहिलं नाव एकच होतं. चिमटा.

चिमटा म्हणजे माझा काका, अप्पांचा धाकटा भाऊ. चिमट्यालाही दाद न देणारे स्क्रू तो नखांनी उचलायचा, म्हणून हे नाव. आई मी लहान असतानाच गेली. मला दुकानातल्या स्टुलावर बसवून माझ्या वेण्या काकाच घालायचा, आणि फार घट्ट घालायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याला लांबच्या एका कारखान्यात नोकरी लागली. भावाला तोंडावर सांगायची छाती झाली नाही. एका दुपारी पाटीवर 'अर्ध्या तासात येतो' असं लिहून तो गेला तो गेलाच. अप्पांनी ती पाटी आठ दिवस पुसली नाही. पुढे त्याची पत्रं न फोडता ठेवून दिली, फोन घेतले नाहीत. काकाचा विषय निघाला की ते उठून जायचे. नंबर तेवढा फोनमध्ये राहिला, आणि ॲपने कोणालाही न विचारता दोघांची गाठ घातली.

मला माझा काका परत हवा होता. यादी वगैरे उघडणं अप्पांना जमत असेल असं वाटत नव्हतं. मी सांगितलं तर ते नंबरच पुसतील, ही धास्ती. मी मुकाट्याने फोन परत दिला. "लिहा काय लिहायचं ते," म्हटलं.

मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. 'डोळ्याचं ऑपरेशन. ४ वाजता घरी.' चारला पाच कमी असताना आम्ही घरी पोचलोही. पण दोन दिवस फोन बघायचा नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. "नुसती पाटी पुसतो," म्हणून अप्पा मागेच लागले, तेव्हा मी फोन बंद करून कपाटात कोंडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थापा पडल्या. बाहेर काका. केस पांढरे झालेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"दादा कुठंय?"

"आत पडलेत. काका, झालं काय?"

"कालपासून पाटी बदलली नाही! फोन बंद! मी पहिल्या गाडीने..."

दुसरा कोणी असता तर बॅटरी संपली असेल म्हणून गप्प बसला असता. पण त्या दुकानात वाढलेल्या माणसाला पाटी शिळी राहण्याचं एकच कारण सुचलं होतं.

"कोण आहे गं?" आतून अप्पा.

एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नाही. काका खोलीच्या दारातच अडला. "दादा, मी."

अप्पांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"सव्वातीन," काका म्हणाला.

"तुझं घड्याळ फार मागे पडलंय रे."

काका पलंगाच्या कडेला बसला. अप्पांनी चाचपत त्याचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

"अप्पा," मी म्हटलं, "काका वाचतोय हे तुम्हाला माहीत होतं?"

"मग? मी दूध आणायला जातो, हे तुझ्या त्या दातवाल्याला कळवून मला काय करायचंय?" ते खेकसले. "आण तो फोन. कालपासून पाटी खोटी पडलीय. लिही. घरी. चिमटा आलाय."

"किती वाजेपर्यंत लिहू?"

"वेळ लिहू नकोस," अप्पा म्हणाले.

काकाच्या खिशातला फोन वाजला. भावाशेजारी बसून त्याने भावाची पाटी फोनवर वाचली आणि तो हमसून हमसून रडायला लागला. अप्पांनी त्याला झापलं, डॉक्टरांनी मला रडायची मनाई केलीय, तेवढं तरी बघ. मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.