दाराजवळचे लाकडी तबक

प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर, खिडक्यांत, कपाटांच्या आडोशाला माणसे श्वास रोखून उभी होती. कारण मेजावरच्या चुंबकसूचीतून गेले दोन महिने दिवंगत सर बोलत होते. वीज आणि चुंबकत्व यांचे नाते उलगडण्यात ज्यांचे अवघे आयुष्य गेले, ज्यांचे नियम आज प्रत्येक वीजकेंद्रात राबतात, त्या सरांना मरणोत्तर एवढेच काम उरले होते: बुवांच्या प्रश्नाला सुई हलवून होकार द्यायचा!

"मी कोण? निव्वळ पोकळ नळी!" सरांच्या खुर्चीवरून बुवा म्हणाले.

पोकळपणाबद्दल माझा वाद नव्हता.

आज वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, घर आणि प्रयोगशाळा बुवांच्या पीठाच्या नावे करणार होत्या. कागद तयार होता. सरांच्या संमतीपुरते अडले होते. मी सरांची उपकरणे घडवणारा कारागीर. आत येताना मी चाळीस वर्षांच्या सवयीने दाराजवळच्या लाकडी तबकात किल्ल्या आणि चाकू ठेवला. सरांचा दंडकच होता: सुईजवळ लोखंड नको. गर्दीनेही तो पाळला. बुवा मात्र, "संन्याशाजवळ कसले आले लोखंड!" म्हणत तबक ओलांडून गेले, आणि त्यांना कोणी हटकले नव्हते.

"सर, घर पीठाला द्यायचे ना?" बुवांनी विचारले.

सुई थरथरत वळली. लोकांनी हात जोडले.

मी कपाटातली दुसरी सुई काढून पहिलीपासून हातभर दूर, बुवांच्या पुढ्यात, मेजाच्या कडेला ठेवली. "पुन्हा विचारा."

"मेलेल्या माणसाची परीक्षा घेतोस?"

"त्यांनी जन्मभर माझी घेतली. फिटंफाट होऊ द्या."

"विचारा, बुवा," वहिनी म्हणाल्या.

मेजाच्या मध्यावरची पहिली सुई जेमतेम बोटभर वळली. कडेची गर्रकन फिरली आणि बुवांच्या गुडघ्याकडे तोंड करून थांबली.

"सरांना वहिनींपेक्षा तुमच्या गुडघ्याची ओढ जास्त दिसते," मी म्हणालो. कोणीतरी फिस्सकन हसले.

वहिनी हसल्या नाहीत. तबकातली एक किल्ली घेऊन त्या आल्या. "ह्या खोलीत ते मला केसांतल्या पिनासुद्धा काढायला लावीत," असे म्हणत त्यांनी ती बुवांच्या कफनीला गुडघ्यापाशी लावली आणि हात काढून घेतला.

किल्ली तिथेच लटकत राहिली.

गुडघ्याला बांधलेला चुंबक मेजाखाली पुढे सरकला की सुई वळे. अंतर जितके कमी, तितका जोर अधिक. एवढाच तो परलोक.

बुवा गेले. ज्याने त्याने तबकातल्या आपापल्या किल्ल्या उचलल्या. सरांची, ते गेल्यापासून तिथेच पडलेली, तेवढी एक उरली.

"दोन महिने मला कोणीतरी 'हो' म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "तेही नेलेत, भाऊजी."

मी दोन्ही सुया कपाटात ठेवल्या. त्यांनी तो कागद फाडला. "त्यांच्या वह्या काढा. माझे डोळे आता अक्षरांना पुरत नाहीत."

मी पहिली वही उघडून वाचू लागलो: "सुई हलली, तर प्रथम आपले खिसे तपासावेत, मग शेजाऱ्याचे. नवा नियम सापडल्याचा आनंद त्यानंतर."

"हे मात्र तेच बोलले," वहिनी म्हणाल्या. "पुढे वाचा."

वाचकहो, दुःखात आधार हवाच. पण आधार देणाऱ्याचा गुडघाही पाहावा. प्रश्न विचारणे हा गेलेल्याचा अपमान नव्हे. आमच्या सरांना तर दुसरे काही येतच नव्हते.