राजाच्या नावाचा खोकला

आमचे हे गावचे पाद्री. दर रविवारी देवाला नावं सांगायची, मेलेल्यांची, आजाऱ्यांची आणि शेवटी राजाचं: "आमच्या द्रागोमिल राजाला उदंड आयुष्य दे." देव बिचारा ऐकून घ्यायचा.

मग मठाच्या द्राक्षमळ्यावरून राजा आणि बिशप भांडले. बिशपचा निरोप आला, राजाचं नाव घेतलंत तर पाद्रीपण गेलं समजा. पाठोपाठ राजाचा हवालदार ओब्राद येऊन चर्चमध्ये खांबाला टेकून उभा राहिला. नाव गाळलंत तर दाढी उतरवीन, म्हणाला. आमच्याकडे बिनदाढीचा पाद्री म्हणजे पाद्रीच नव्हे, तेव्हा दोघांचं म्हणणं एकच होतं.

आमचे हे पडले हुशार. नेमके राजाच्या नावावर खोकायला लागले. ओब्रादला वाटायचं नाव घेतलं, बिशपला कळायचं गाळलं.

"खोकला फारच रेंगाळलाय, पाद्रीबाबा," ओब्राद म्हणायचा.

"छातीत बसलाय मेला. मधाचा काढा देतेय," मी सांगायची. वर्ष निघालं.

पुढे राजाची मुलगी बिशपच्या पुतण्याला दिली, मळा निम्मा निम्मा वाटला आणि दोघांनी गळ्यात गळे घातले. हुकूम आला, येत्या रविवारी राजाचं नाव खणखणीत घ्या.

"अहो, आज खोकायचं नाही हां," मी बजावलं.

"खुळी का तू? आठवडाभर कोंबड्यांपुढे घोकतोय."

चर्चमध्ये ओब्राद आणि बिशपचा माणूस खांद्याला खांदा लावून उभे. हे म्हणाले, "आमच्या..." आणि खोकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा खोकले. त्या जागी आलं की घसा आपोआप आवळायचा. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझा जीव गोळा झाला.

"हा कुणाच्या बाजूने खोकतोय?" बिशपच्या माणसाने विचारलं.

"तुमच्या असेल."

"छे. आमचं तर मिटलंय."

म्हणजे दोघांचाही शत्रू, असं ठरलं. वर्षभरात त्यांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं. चर्चच्या अंगणात एकाने ह्यांचं डोकं धरलं, दुसऱ्याने वस्तरा चालवला. मी रडले, संतापाने रडले.

घरी हे घेवड्याच्या वाडग्यापुढे हनुवटी चाचपत बसले. मग राजाचं नाव घेतलं, बिशपचंही घेतलं, एकदाही न खोकता. पुढे जे शब्द लावले ते पाद्र्याच्या तोंडी शोभले नसते. पण आता पाद्री राहिलंय कोण?