उपासाच्या दिवशीची बाटली

माझा सोमवारचा उपास प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळवारी सकाळी कपाट उघडलं, तर दारूची एक बाटली तशीच पडून होती. मार्केट यार्डाजवळच्या गुत्त्यातल्या दारूत विष असल्याचा संशय होता, म्हणून पोलिसांनी ती आदल्या दिवशीच तपासणीला पाठवली होती.

"अहो मॅडम, काल उपास होता ना तुमचा," आमचे प्रमुख टाकसाळे साहेब हसत म्हणाले. "म्हटलं, दारूचा वास तुम्हाला कशाला?"

मी लगेच नमुना तपासला. मिथेनॉल निघालं, माणूस आंधळा होईल इतकं. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. काल रात्री त्याच गुत्त्यात प्यायलेल्या एका हमालाला दिसेनासं झालं होतं.

"मी दारू पीत नाही, साहेब," माझा आवाज चढला. "तपासणार नाही, असं कुठल्या देवाला सांगितलंय मी?"

"तुमचा मान राखला हो..."

"त्याचे डोळे घालवून? गुत्ता अजून चालू आहे. पोलिसांना कळवा आधी!"

"रिपोर्ट टाइप होऊ द्या, सही होऊ द्या..."

मी त्यांच्या टेबलावरचा फोन ओढला आणि चौकीचा नंबर लावला.