दारात उभा म्हातारबा

मी एका छोट्या साप्ताहिकाचा जुना सर्व्हर बोलतोय. मला म्हातारबा म्हणतात. हे नाव संपादकबाईंच्या धाकट्या भावाने ठेवलंय, कारण सुरू होताना मी कण्हतो म्हणे. कण्हत नाही, पंखा जुना आहे माझा.

एके काळी अख्खी वेबसाइट माझ्या एकट्याच्या जिवावर चालायची. मग नवं मशीन आलं. मला खिडकीखाली ढकललं, डोक्यावर प्रिंटर ठेवला आणि प्रिंटरवर चहाचे कप. माणसांची खोडच आहे ती, जो तक्रार करत नाही त्याच्यावर काहीतरी ठेवून द्यायचं. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

पुढे एक बातमी आली. कारखान्याचं रसायन जमिनीत मुरून कामगार वसाहतीच्या एका टाकीत उतरत होतं. बाईंनी पाणी तपासून घेतलं आणि कुठल्या टाकीचं पाणी प्यायचं नाही ते नकाशासकट वेबसाइटवर टाकलं. दुपारपर्यंत वेबसाइट आडवी झाली.

"वाचक वाढले वाटतं," बाई म्हणाल्या.

"वाचक कुठले, ताई? हल्ला आहे," धाकटा म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम पान उघडण्याच्या खोट्या मागण्यांचा लोंढा सोडलाय. मशीन त्यांनाच उत्तरं देत बसलंय, खऱ्या माणसाकडे बघायला त्याला सवड नाही. म्हातारबाला उठवू या."

प्रिंटर खाली उतरला. मला पुसून नव्या मशीनच्या पुढे उभं केलं. आता येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे येणार होता. हुकूम असा, की इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून कुणी फार वेळा आलं तर त्याला हाकलायचं.

आले तेही आमच्याच जातकुळीचे. कुणाच्या दुकानातला कॅमेरा, कुणाच्या घरचं राउटर, त्यांच्या मालकांना न कळता फितवलेले. पान मागायचं, उत्तराला न थांबता पुन्हा मागायचं. मी एकेकाला बाहेर काढत सुटलो. खरं सांगतो, मजा येत होती.

तेवढ्यात फोन वाजला. वसाहतीत पाळणाघर चालवणारी बाई होती.

"ताई, तुमचं पान आमच्यात कुणाकडेच उघडत नाहीये. पोरांना पाणी देऊ की नको?"

"अजिबात देऊ नका. पहिल्या टाकीत रसायन उतरलंय."

"मला कळलं हो. पण बाकीच्यांना ही अफवा वाटतेय. तेच पाणी उकळून पितायत सगळे."

उकळून रसायन जात नाही. धाकट्याने कपाळाला हात लावला. अख्ख्या वसाहतीत इंटरनेटची जोडणी एकच, त्यामुळे तिथली सगळी घरं मला एकाच पत्त्यावरून आलेली दिसत होती. ज्यांच्यासाठी बातमी होती, नेमके तेच हाकलले जात होते.

"नियम काढला तर पुन्हा आडवे होऊ," तो म्हणाला.

बाईंनी टेबलावरचा अंकांचा गठ्ठा पुढे ओढला. "अंक काढतो तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी जुळणी करतो का आपण? एकदाच छापतो आणि गठ्ठा ठेवतो. मग इथे का नाही?"

नवं मशीन दर मागणीला पान नव्याने रचत होतं, फोटो, प्रतिक्रिया, जाहिराती, सगळं. धाकट्याने ते सगळं उडवलं. चार ओळी आणि टाकीचा नकाशा, एवढंच तयार पान माझ्या पोटात ठेवलं. मागेल त्याला द्यायचं, मागच्या मशीनला विचारायचंही नाही. हाकलण्याचा नियम काढून टाकला.

थोड्याच वेळात पाळणाघरवालीचा पुन्हा फोन आला. पान उघडलं होतं, आणि लोकांनी टाकीच्या नळाला कुलूप घातलं होतं. बाई खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मी पंखा आणखी जोरात फिरवला.

हल्ला अजून थांबलेला नाही. मी तापलोय, पंखा खडखडतोय आणि एक दिवस मी बंद पडेन, हे मलाही कळतं. तेव्हा माझ्यावर दया करू नका, फक्त डोक्यावर पुन्हा प्रिंटर ठेवू नका.

आणि ज्याने ही बातमी दाबायला माणसांऐवजी यंत्रं धाडली, त्यालाही सांगतो. तुझं प्रत्येक यंत्र माझ्या दारातून हीच बातमी हातात घेऊन परत जातंय. अजून धाड. प्रती भरपूर आहेत.