डेक सातची हजेरी

सोमवारपासून आमचं घर रोज थोडं थोडं एका माणसाचं होत चाललं आहे. हे मी नजरेच्या अंदाजाने सांगत नाही, स्टीलच्या टेपने मोजलं आहे. सोमवारी संध्याकाळी हॉल अकरा फूट आठ इंच लांब होता. मंगळवारी दहा फूट पाच इंच. भिंतीला तडा नाही, रंगाचा पापुद्रा सुटलेला नाही, पंखा अजून छताच्या बरोबर मध्यावर आहे.

घरात आम्ही दोघी असतो, शकूमावशी आणि मी. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आणि इथे लातुरात एका खासगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. मी सहा वर्षांची असताना आई गेली. त्या आठवड्यात मावशी मला घेऊन आली ती कायमचीच. तेव्हापासून या घरात सगळं दोनाच्या हिशेबाने आहे.

चूक सोमवारी सकाळी आठ वाजून तेरा मिनिटांनी झाली, आणि ती माझी होती.

मावशी आयुष्यात एकदाच बोटीवर गेली. सहा वर्षांपूर्वी, मुंबईहून लक्षद्वीप, चार रात्री. सहलीत तेवीस माणसं होती आणि सगळ्यांच्या खोल्या सातव्या डेकवर होत्या. परत आल्यावर त्यांनी ‘डेक सात’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्यातले निम्मे लोक नंतरही दरवर्षी कुठल्या ना कुठल्या क्रूझवर जातात, उरलेले त्यांचे फोटो बघतात. ग्रुपवर दिवसभर गप्पा चालतात. कोणाच्या जास्वंदीला कळी आली, कोणाचा गुडघा दुखतो, कवरत्तीचं पाणी नेमकं कुठल्या रंगाचं होतं, टॉवेलचा हंस करणाऱ्या त्या पोऱ्याचं नाव काय होतं.

पण सकाळी आठ दहाला आधी हजेरी. हे खांबेटे काकांचं. ते साताऱ्याला शाळेत पीटीचे मास्तर होते. बोटीवर पहिल्या दिवशी धोक्याची घंटा वाजवून सराव करून घेतात, तेव्हा त्यांनी सवयीने आपली माणसं बोटाने मोजली, आणि ते मोजणं काही थांबलं नाही. रोज प्रत्येकाने ‘हजर’ लिहायचं. तेवीस भरल्याशिवाय कोणीही चहाचा घोट घ्यायचा नाही. अकोल्यात, नाशकात, लातुरात, सगळे कप समोर ठेवून बसतात. एकदा बीडचे शेख सर बँकेत रांगेत होते, तर बावीस घरांत चहा गार झाला.

मावशीने मला ग्रुपवर घेतलं ते फोटो चढवायला आणि आवाज बंद झाला तर सुरू करायला. मी मोजणीत नव्हते. सोमवारी तिचा फोन अपडेट होत होता, चहावर साय धरत होती. बावीस झाले होते. मी माझ्या फोनवरून ‘हजर’ लिहिलं. म्हणजे मावशी हजर आहे, एवढंच. मिनिटाभरात तिचा फोन चालू झाला आणि तिनेही लिहिलं.

खांबेटे काकांनी लिहिलं, “चोवीस.”

मग नलिनीताईंचं, अकोल्याहून: “अगं बाई, एक जास्त.”

मी लगेच माझा मेसेज पुसला. सगळ्यांसाठी पुसला. काकांनी पुन्हा लिहिलं, “चोवीस.”

मंगळवारी सकाळी कपाटात एकच कप होता. मावशीने दुसरा शोधला नाही. तिने चहा केला तो एकाच कपाचा झाला, जरी पाणी तिने दोन कप मोजून टाकलं होतं. मी गंजगोलाईच्या बाजारातून दोन कप आणले. दुकानदाराने माझ्यासमोर दोन वेगवेगळ्या कागदांत गुंडाळले. घरी पिशवीत एक निघाला, दोन्ही कागदांत गुंडाळलेला.

“सारखं काय मोजायलीस गं?” मावशी म्हणाली. मी हॉलमध्ये गुडघ्यांवर होते.

“हॉल पंधरा इंचांनी कमी झालाय.”

“बरं झालं. झाडायला कमी.”

“मावशी, मी गंमत करत नाहीये.”

“मी तरी कुठं करायलेय? कंबर दुखते माझी.”

पण रात्रीपर्यंत तिच्या लक्षात आलं होतं. कारण माझी खोली नव्हती. जिथे माझं दार होतं तिथे भिंत होती, आणि भिंतीवर कॅलेंडर. मावशीने कॅलेंडर उचलून मागे पाहिलं, परत नीट लावलं आणि तिच्या पलंगावर एका कडेला सरकली.

बुधवारी दुसरी खुर्ची गेली. एक दात घासायचा ब्रश गेला, एक ताट, एक चप्पलजोड. हॉल आठ फूट झाला. ग्रुपवर त्या दिवशी शेख सरांनी शेवग्याच्या शेंगांचा फोटो टाकला होता आणि बोटीवरच्या दक्षिणी जेवणाची आठवण काढली होती. मी मध्येच विचारलं, कोणाच्या घराला काही होतंय का?

नलिनीताईंनी उत्तर दिलं. “नाही गं, आमच्याकडे सगळं तसंच. तुमच्याकडेच जागा कमी पडणार ना, जास्तीचं माणूस तुमच्याकडे आहे.” पुढे हसरा चेहरा. मग त्यांच्या दुपारच्या जेवणाचा फोटो: पिठलं, भाकरी, कांदा.

फोटोत दोन ताटं होती. मी मागचे फोटो काढून पाहिले. सहा वर्षांचे. रोज दोन ताटं. नलिनीताई एकट्या राहतात. मी त्यांना वेगळा मेसेज केला, “ताई, दुसरं ताट कोणाचं असतं?”

बराच वेळ त्या लिहीत होत्या. आलं ते एवढंच:

“सवय आहे गं. कोणाची ते आठवत नाही. पण त्याला कांदा चालत नाही, म्हणून बाजूला ठेवते.”

मी मावशीचा बोटीवरचा अल्बम काढला. सहलीचं एकत्र छायाचित्र होतं, तेवीस माणसं, मागे पांढरा कठडा. नलिनीताई उजव्या टोकाला होत्या. त्यांचा डावा हात खांद्याच्या उंचीवर होता, कोपरात वाकलेला, तळवा खाली. त्या हाताखाली कोणी नव्हतं.

मी खांबेटे काकांना फोन लावला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“काका, मी आशू, शकूमावशीची भाची. सोमवारी माझ्याकडून चूक झाली. मी माझी हजेरी लावली नव्हती. तिची लावली होती.”

“लावली ना पण.”

“तुम्ही चोवीस धरा ना. काय बिघडतं?”

“बाळ, सातव्या डेकवर जागा तेवीस. तुमच्या दारावर एक. मी काय जागा शिवून देऊ?”

“मग जास्तीचं माणूस कुठे जातं?”

“जात नाही कुठे. मोजलं जात नाही.”

“आणि मोजलं नाही की?”

काकांचा आवाज वाईट नव्हता. शाळेत पडलेल्या मुलाला उभं करावं तसा होता. “तू कशाला त्याचा विचार करतेस? ज्याला मोजत नाहीत त्याची कोणाला आठवण राहत नाही, त्यामुळे त्रासही होत नाही. शुक्रवारी मी स्वतः येतो. तोवर दोघींनी ठरवा.”

मावशी दारात उभी होती. टेलिफोनवर बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला पलीकडचं ऐकू यायला फोन हातात लागत नाही.

“ठरवायचं काय त्यात,” ती म्हणाली. “मला त्रेसष्ट झाली. तू आत्ता कुठं कमवायला लागलीस.”

“चूक माझी आहे.”

“मग? लहानपणी तू कप फोडायचीस, तेव्हा मी तुला घराबाहेर काढायचे का?”

मी मनात ठरवलं होतं.

गुरुवारी सकाळी सहाला, ती झोपलेली असताना, मी निघाले. माझा तर्क साधा होता. घरात एकच माणूस राहिलं, तर आकडा जुळेल, आणि मी घराबाहेर राहून काय होतं ते बघेन. आमच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. बेचाळीस झाल्या. त्रेचाळिसावी लागली. तिच्यावर लाल गालिचा होता. साठाव्या पायरीनंतर एक लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना सारखी दारं, आणि प्रत्येक दारामागे कोणीतरी चहात साखर ढवळत होतं. मी बावीस दारं ओलांडली. तेविसावं आमचं होतं. पाटीवर मावशीचं नाव आणि माझं नाव एकावर एक लिहिलेलं, त्यामुळे दोन्ही वाचता येत नव्हती.

आत मावशी नव्हती. पलंगावर चिठ्ठी होती: “उदगीरला मैत्रिणीकडे जाते. डब्यात धपाटे आहेत. रडू नको.”

मी बसले. दहा मिनिटांनी बाथरूमचं दार उघडलं आणि मावशी प्रवासाची पिशवी घेऊन बाहेर आली. तिचे केस वाऱ्याने विस्कटले होते.

“एसटीत बसले होते,” ती म्हणाली. “औश्याच्या पुढं गेल्यावर कंडक्टर म्हणाला, मावशी, दार लोटा आणि उतरा.”

“उदगीरला जाताना औसा लागत नाही.”

“मी पण तेच म्हणाले त्याला.”

आम्ही दोघी हसलो. म्हणजे आधी ती हसली, आणि ती थांबल्यावर मला हसता आलं. तेव्हा मला पहिल्यांदा ते जाणवलं. मी घड्याळ घेतलं आणि तपासलं. मावशी श्वास घेत असताना माझ्या नाकापाशी हवा येत नव्हती. तिने सोडला की मला घेता यायचा. मी घेत असताना तिची छाती स्थिर. चार सेकंद तिचे, चार सेकंद माझे. नाडीचंही तसंच असेल असं वाटलं, पण मी ते मोजलं नाही. मला मोजायचं नव्हतं.

धपाटे तिने खाल्ले आणि माझं पोट भरलं.

दुपारपासून फोन एकच होता. कोणाचा ते सांगता येत नव्हतं, दोघींच्याही बोटाने तो उघडायचा. ग्रुपवर पुढच्या हिवाळ्यातल्या क्रूझची चर्चा चालू होती. बाल्कनीची खोली घ्यावी की खिडकीची, गरम कपडे लागतील का. नलिनीताईंनी लिहिलं होतं, “शकू, या वेळी तू यायचंच हं. एकटीच आहेस, काय अडचण आहे?”

मावशीने ते वाचलं. फोन उलटा ठेवला. मग माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

“आशू, माझं ऐक. तुला मी आठवणार नाही म्हणतात. मग तुला दुःखही नाही. मला मात्र तुझ्याशिवाय…” तिचे चार सेकंद संपले. तिला थांबावं लागलं. मी माझे चार घेतले, आणि मला जे बोलायचं होतं ते त्यात बसलं नाही.

आज शुक्रवार आहे. घर सहा फूट बाय तीन आहे. अरुंद बिछाना, भिंतीत बसवलेलं कपाट, आतून रंगवलेलं लोखंडी दार. खिडकी गोल आहे. तिच्यातून आमचीच गल्ली दिसते. समोरच्या मोरगेबाई दोरीवर साडी वाळत घालत आहेत. मी काचेवर ठोकलं. त्यांनी वर पाहिलं, नेहमीसारखा हात हलवला आणि पुढचा चिमटा लावला.

आम्ही समोरासमोर उभ्या आहोत. बसायला एकीची जागा आहे आणि दोघीही बसत नाही. मावशीने मला रात्रभर कुशीत घेतलं होतं. तिच्या झोपेत मी जागी होते, माझ्या झोपेत ती. सकाळी तिने माझी वेणी घातली. मी सहा वर्षांची असताना घालायची तशी, घट्ट.

आठ दहाला बोळात पावलं वाजली. कॅनव्हासचे बूट. दारं एकेक करून उघडत होती आणि बंद होत होती.

“एकोणीस,” खांबेटे काका म्हणाले. “वीस.”

मावशीने श्वास सोडला. आता माझे चार सेकंद होते. मी घेतले नाहीत. मी ओठ मिटले आणि तिच्याकडे बघून मान हलवली: तू घे.

तिने डोळे मोठे केले. लहानपणी मी औषध थुंकले की करायची तसे. तिनेही ओठ मिटले.

“एकवीस.”

मला तिच्या मानेवरची शीर दिसत होती. तिच्या डोळ्यांत मी दिसत होते, गाल फुगवलेली. हवा खोलीत होती. चार सेकंदांमागून चार सेकंद ती आमच्यामध्ये तशीच पडून होती. कोणीही ती घेत नव्हतं.

“बावीस.”

कडी फिरली. दार आत उघडलं आणि आम्हाला एकमेकींच्या आणखी जवळ ढकलत भिंतीला टेकलं. काका पांढऱ्या शर्टात होते, हसत होते, लांबच्या नातेवाइकाकडे पहिल्यांदा आल्यासारखे. त्यांनी उजवा हात वर केला आणि बोट पुढे केलं.

“तेवीस,” ते म्हणाले. त्यांचं बोट ना मावशीकडे होतं ना माझ्याकडे. आमच्या दोघींच्या चेहऱ्यांमध्ये चार बोटं जागा होती, त्या रिकाम्या जागेकडे होतं.