झाकणावरचं एक टिंब

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे. करंगळीच्या पेराएवढी. माझ्या पोटात दोन-तीन थेंब पाणी आहे आणि त्या पाण्यात एक प्रथिन. त्या प्रथिनात आता दम उरलेला नाही.

तुम्हाला जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते. सूज आणण्याचा निरोप शरीरात हे प्रथिन पोहोचवते. काही पेशींना तर ते 'आता तू मर' असेही सांगते. माझ्यातले प्रथिन मात्र कोणाच्या शरीरातून आलेले नाही. माणसाचे जनुक जीवाणूंच्या अंगात घालून ते त्यांच्याकडून करवून घेतले, धुतले, गाळले. मग कॅनडातल्या विनिपेगच्या विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत आम्हा बारा बहिणींत ते सारखे वाटले.

वाटणारे होते मार्सेल, तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. त्यांचा एक नियम होता. गोठवलेले प्रथिन वितळले की दर वेळी थोडे थकते. म्हणून ज्याने कुपी वितळवली, त्याने तिच्या झाकणावर काळे टिंब द्यायचे. तीन टिंबे झाली की कुपी कचऱ्यात.

माझ्या झाकणावरचे पहिले टिंब लारिसाने दिले. ती तिथे चौथ्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी होती. तिच्या पेशींमधून एक जनुक काढून टाकलेले होते. ते नसेल तर माझ्या प्रथिनानेही पेशी मरणार नाहीत, असे सगळे धरून चालले होते. तिने माझा अर्धा थेंब त्यांच्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी सगळ्या मेलेल्या होत्या.

"मॅडम, एकही उरली नाही!"

प्रयोगशाळेच्या प्रमुख हिल्डा पेनर मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. "काय कापून काढल्यात गं! लिहायला घे."

लारिसाने शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाकडे पाठवला. माझे तेवढेच कौतुक झाले.

डिसेंबरात आमचा जुना फ्रीजर बंद पडला. मार्सेल तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते. मॅडमनी घरच्या तळघरातला फ्रीजर आणवला.

"यात बर्फच साचत नाही. खरवडायची कटकट गेली."

"मॅडम, वास कसला येतोय?"

"सास्काटून बेऱ्यांचा, इकडच्या जांभळ्या रानफळांचा. आई यात साठवायची, तिची इस्टेट होती ती."

मित्रांनो, तिथे बर्फ का साचत नव्हता? कारण तो फ्रीजर रोज थोडा वेळ स्वतःची भिंत तापवत असे. आमचा डबा त्याच भिंतीला टेकलेला होता. आम्ही वितळत होतो, पुन्हा गोठत होतो, पुन्हा वितळत होतो. फ्रीजर टिंब देत नाही. माझ्या झाकणावर एकच टिंब राहिले.

जानेवारीत निबंध तपासणाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून मागितला. लारिसाने एकेक करून माझ्या चार बहिणी वापरल्या. पेशी मजेत वाढत राहिल्या. त्यांना मरायला सांगण्याएवढी ताकद आमच्यात नव्हती, आणि ते बोलून दाखवायला तोंड नव्हते.

बुधवारी मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर निबंध मागे घ्यायचा. आपलं चुकलं, असं लिहून द्यायचं."

"मॅडम, मी खोटं नाही केलेलं."

"तसं कोण म्हणतंय? पण चार वेळा नाही म्हणजे नाही."

त्याच दुपारी मार्सेल काठी टेकत कामावर परतले. त्यांनी फ्रीजर उघडला आणि आतल्या भिंतीवरून बोट फिरवले.

"पोरी, इथला बर्फ कुठे गेला?"

"साचतच नाही यात."

 मार्सेलनी आमच्यासारख्याच कुपीच्या तळाशी आमच्यातल्यासारखेच मिठाचे पाणी गोठवले आणि ती आमच्या डब्यात उलटी उभी केली. गुरुवारी सकाळी पाहिले, तर बर्फाचा गोळा खाली झाकणात उतरून पुन्हा गोठला होता.

"बघ, ओघळलंय. बाहेर उणे एकतीस आहे. या बिचाऱ्यांना खिडकीत ठेवलं असतं तरी जास्त जगल्या असत्या!"

लारिसाला हसू आले नाही. "मग आता?"

"मी रजेवर जायच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेला एक कुपी उसनी दिली होती ना? आण ती."

आमची बारावी बहीण तिथे नीट गोठून पडली होती. लारिसाने ती आणली आणि त्याच पेशींवर तिचा थेंब सोडला. शुक्रवारी सकाळी एकही पेशी जिवंत नव्हती. मॅडमनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिले आणि मान वर न करता म्हणाल्या, "लारिसा, फ्रीजर मी आणला होता. चूक माझी आहे."

माझ्या उरलेल्या बहिणी कचऱ्यात गेल्या. लारिसाने मला तेवढी ठेवून घेतली. ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभी राहिली आणि त्या फ्रीजरमधल्या एकेका दिवसाचे एकेक टिंब माझ्या झाकणावर देऊ लागली. सगळी टिंबे मावली नाहीत. झाकण पूर्ण काळे झाले, तेव्हा तिने पेन खाली ठेवले.

आता मी नव्या फ्रीजरच्या दारावर चिकटपट्टीने लावलेली आहे. याच्यात बर्फ साचतो. तो खरवडताना सगळे कुरकुरतात, आणि मला ते ऐकायला बरे वाटते. मित्रांनो, एखाद्याने काम करायचे सोडले, तर त्याच्या झाकणावरची टिंबे मोजून थांबू नका. तो ज्या भिंतीला टेकून होता, तिच्यावरही एकदा हात फिरवून बघा.